डेस्कटॉप संगणक पुन्हा सुरू न होणे

डेस्कटॉप संगणक पुन्हा सुरू न होणे म्हणजे रीतसर बंद केलेला अथवा वीज गेल्यामुळे बंद पडलेला संगणक नंतर बटण दाबूनही चालू न होणे. बंद करीपर्यंत तो निर्वेध चाललेला असतो, त्यामुळे वापरणाऱ्यास हा प्रकार आकस्मिक वाटतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा महिनोन्‌महिने वाढत आलेला असतो आणि संगणक बंद होण्याने तो केवळ उघडकीस येतो. पूर्ण संगणक निकामी झाला असे समजून तो टाकून देण्याची घाई अनेकदा केली जाते. मात्र बिघडलेला भाग पुष्कळ वेळा एखादी केबल, बटण किंवा विद्युत पुरवठ्याची पेटी एवढाच निघतो.

विद्युत पुरवठ्याची रचना

दोष शोधण्यापूर्वी संगणक चालू कसा होतो हे समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या संगणकांतील बटण घरातील दिव्याच्या बटणाप्रमाणे विजेचा मार्गच जोडत वा तोडत असे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकाने ही पद्धत बदलली. एटीएक्स संगणकाचे पुढचे बटण वीज जोडत नाही. ते मदरबोर्डला केवळ सूचना देते. ही सूचना ग्रहण करण्यासाठी मदरबोर्डचा थोडा भाग सतत जागा असावा लागतो. त्यासाठी विद्युत पुरवठा पेटी (भारतीय बाजारात हिला सर्रास एसएमपीएस म्हणतात) संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा एक लहानसा ‘स्टँडबाय’ पुरवठा चालू ठेवते. प्लग काढेपर्यंत असा संगणक पूर्णपणे बंद नसतोच, तो निद्रिस्त असतो.

बटण दाबताच मदरबोर्ड पेटीकडे जाणाऱ्या हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो. मग पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करते आणि ते स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या तारेवरून ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत देते. तो मिळेपर्यंत प्रक्रियक रोखून धरलेला असतो. या साखळीची एखादी कडी तुटली तरी परिणाम बाहेरून एकच दिसतो : बटण दाबले, काही झाले नाही.

लक्षणांवरून वर्गीकरण

‘संगणक सुरू होत नाही’ या तक्रारीत निरनिराळ्या अवस्था मोडतात व त्यांचे उपाय भिन्न आहेत. पंखा, दिवा, आवाज यांपैकी काहीही नसेल तर संशय भिंतीवरील सॉकेट, केबल, पेटी, बटण व मदरबोर्ड यांवर जातो. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर पेटीतील संरक्षक मंडल कार्यरत झालेले असते, म्हणजे बहुधा कोठेतरी लघुमंडल (शॉर्ट सर्किट) असते. पंखे फिरत राहतात पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी पुरवठा बहुतांशी ठीक असून रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा प्रक्रियकाजवळची ४ अथवा ८ टोकांची १२ व्होल्टची जोडणी तपासावी लागते. पडद्यावर अक्षरे उमटत असतील तर तो प्रश्न विजेचा नव्हे.

बाह्य तपासणी

सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे टेबललॅम्प लावून पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. त्यानंतर यूपीएस वगळून संगणक थेट सॉकेटला जोडावा. यूपीएसची बॅटरी जुनी झाली असता तो दिवा दाखवतो, परंतु भार पडताच कोसळतो. पेटीच्या मागील बाजूचे छोटे बटण साफसफाईच्या वेळी धक्का लागून बंद झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. काही पेट्यांवर ११५ व २३० व्होल्ट निवडण्याचा लाल खटका असतो. भारतात तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर ठेवून प्लग लावल्यास पेटी जळते.

यानंतर प्लग काढून पुढचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे आणि काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. हा उपाय तोडग्यासारखा वाटला तरी त्यास कारण आहे. वीज ये-जा करताना दाब अस्थिर होतो, त्यामुळे पेटीतील संरक्षक मंडल कुलूपबंद होऊन बसते व धारित्रांतील उरलेला भार संपल्याखेरीज ते मोकळे होत नाही. वीज परत येताना दाबातील चढ-उतार टाळण्यासाठी, वीज गेल्याबरोबर प्लग काढून ठेवणे हिताचे असते. पावसाळ्यात विजा कडाडत असताना नेटवर्कची केबलही काढावी, कारण तिच्यावाटेही मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

चालू असताना चालणारा, बंद केल्यावर न उठणारा

काही संगणक वर्षानुवर्षे अहोरात्र चालतात आणि एकदा बंद केले की पुन्हा उठत नाहीत. याचे एक कारण पेटीतील विद्युत-अपघटनी धारित्रे हे होय. त्यांतील द्राव उष्णतेने हळूहळू सुकतो, त्यांची धारणक्षमता घटते व अंतर्गत रोध वाढतो. पेटी गरम असेतोवर हा रोध कमी राहतो आणि काम निभावते. ती थंड झाली की रोध इतका वाढतो की पुरवठा उभा राहू शकत नाही. थंडीच्या सकाळी न सुरू होणारा आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर चालू झाल्यावर दिवसभर ठीक चालणारा संगणक हे याचे ठळक लक्षण आहे. दुसरे कारण काही पेट्यांतील प्रारंभक रोधकाचे. हा मोठ्या मूल्याचा रोधक केवळ सुरुवातीच्या क्षणी नियंत्रक मंडलास वीज देतो. पुढे ते मंडल स्वतःच्या रोहित्रातून वीज घेते. त्यामुळे रोधक तुटला तरी चालू पेटीला त्याचा पत्ता लागत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष धारित्रांमुळे अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड अकाली बिघडले होते. धारित्राचा माथा फुगलेला असणे किंवा त्यावर तपकिरी डाग असणे ही त्याची दृश्य खूण होय.

आतील तपासणी

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे. पेटी स्वतः मात्र उघडू नये. आतील मोठ्या धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो व प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून प्राणघातक ठरू शकतो.

मदरबोर्डवर स्टँडबाय दिवा असेल आणि प्लग लावल्यावर तो लागत असेल तर पेटी निदान अंशतः जिवंत आहे. मग पुढच्या बटणाच्या दोन तारा मदरबोर्डवरून काढून त्यांच्या जागी रिसेट बटणाच्या तारा लावून पाहाव्यात. संगणक सुरू झाल्यास दोष केवळ बटणाचा. हे बटण स्वस्त व नाजूक असते, तरी त्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

पेटीच्या चाचणीसाठी तिची सर्व टोके संगणकापासून सोडवून, प्लग काढलेला असताना, २४ टोकांच्या जोडणीतील हिरवी व एक काळी तार छोट्या तारेने जोडतात आणि नंतर वीज देतात. सर्व तारा काळ्या असल्यास १६ व १७ क्रमांकाची टोके घ्यावीत. पंखा फिरला तर मल्टीमीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळावयास हवेत. जांभळी स्टँडबाय तार हिरवी तार न जोडताही ५ व्होल्ट दाखवते. मात्र भाराविना योग्य दाब देणारी पेटी भार येताच ढासळू शकते. म्हणून चांगली ठरलेली दुसरी पेटी लावून पाहणे हीच खात्रीची कसोटी होय.

पेटी निर्दोष ठरल्यास मदरबोर्डवर केवळ प्रक्रियक, त्याचा पंखा व रॅमची एक पट्टी ठेवून बाकी सर्व काढतात आणि एकेक भाग परत जोडत जातात. यूएसबी खोबणीतील वाकलेली पिन किंवा बोर्डाखाली अडकलेला स्क्रू एवढ्यानेही पेटी बंद पडते. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल संपल्यास सामान्यतः घड्याळ व मांडणीच पुसली जाते. परंतु काही बोर्ड सेलवाचून सुरूच होत नाहीत.

साठवलेली माहिती

पुरवठ्याच्या दोषात हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील माहिती सहसा शाबूत राहते. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडून प्रत घेता येते, त्यासाठी बिघडलेला संगणक दुरुस्त होणे आवश्यक नसते. डिस्क बिटलॉकरसारख्या प्रणालीने कूटबद्ध असेल तर तिची पुनःप्राप्ती कळ जवळ असावी लागते, नाहीतर सुस्थितीतील डिस्कही वाचता येत नाही. दुरुस्तीसाठी कॅबिनेट दुकानात देताना डिस्क काढून घरी ठेवण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नसते.