विश्लेषणात्मक कोडी : अटींचा क्रम

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 'सीसॅट' प्रश्नपत्रिकेत चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण वजा होतात. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यास अंदाज परवडत नाही.

समजा, चिखली, मेहकर, लोणार, खामगाव व शेगाव येथे सोमवार ते शुक्रवार रोज एक व्याख्यान आहे. अटी अशा : लोणार बुधवारी; खामगावच्या दुसऱ्याच दिवशी शेगाव; चिखली मेहकरच्या आधी; मेहकर शुक्रवारी नाही.

एकूण १२० क्रम संभवतात. तथापि लोणार निश्चित करताच खामगाव-शेगाव जोडीस सोमवार-मंगळवार किंवा गुरुवार-शुक्रवार हे दोनच पर्याय उरतात. पहिल्यात मेहकर शुक्रवारी येते, तो बाद. अर्थात चिखली सोमवारी, मेहकर मंगळवारी.

निश्चित अट, मग जोडी, शेवटी नकारात्मक अट, हा क्रम अध्यापकांनी फळ्यावर कारणांसह मांडावा.