दुकान खाली, बिऱ्हाड वर : छतातील धुराच्या अलार्मची वायरिंग कशी असावी?

वेळापूर : रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडायचा आणि मगच शटर ओढायचे, ही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची जुनी सवय आहे आणि ती चांगलीच आहे. रात्रभर बंद दुकानात वीज खेळत राहण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. परंतु ज्यांनी दुकानाच्या छताला विजेवर चालणारा धुराचा अलार्म बसवला आहे किंवा बसवण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी आपल्या वायरमनला एक प्रश्न अवश्य विचारावा. मेन पाडल्यावर हा अलार्म चालू राहतो की नाही? जवळच्या ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून दोन वायरी ओढून दिलेल्या असतील, तर मेनबरोबर त्याचीही वीज जाते. मग सारी भिस्त आतल्या बॅटरीवर. रोज रात्री तिच्यावरच काम भागवले, तर तीही लवकर उतरते आणि ज्या प्रहरासाठी पैसे मोजले, त्याच प्रहरी अलार्म मुका होतो.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. रमजानचा महिना होता, ईद आठवड्यावर आली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण मरण पावले. आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, धुराने गुदमरून हे मृत्यू झाले, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. पुढच्याच वर्षी, १८ मे २०२५ रोजी पहाटे आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण दगावले. त्यांत मालक, त्यांच्या घरची माणसे, एक तान्हे मूल आणि कामगाराचे कुटुंब होते. कारखान्याच्या आवारातच त्यांचे राहणे होते. त्याच दिवशी सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे, खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत सतरा जणांचा जीव गेला.

तिन्ही ठिकाणी धंदा आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली होते. वेळापूर, अकलूज, पंढरपूर, कुठल्याही बाजारपेठेत पाहा, खाली गाळा आणि वर संसार हीच रीत आहे. भाडे वाचते, मालावर नजर राहते. पण कापूस, कापड, रेक्झिन, फोम धुमसू लागले की ज्वाळेच्या आधी धूर निघतो आणि तो जिन्याच्या वाटेने चिमणीसारखा वर चढतो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूने गुंगी चढते आणि झोप अधिकच गाढ होते. जाग येते ती आवाजाने.

आता खरेदीविषयी. बाजारात 'स्मोक डिटेक्टर' म्हणून जी पांढरी वाटी मिळते, ती पुष्कळदा २४ व्होल्ट डीसीवर चालणारी, पॅनेलला जोडायची असते. तिच्यात स्वतःचा भोंगा नसतो. ती थेट २३० व्होल्टला जोडली तर जळते. लहान दुकानदाराला हवा तो स्वयंपूर्ण अलार्म. धूर ओळखणारा भाग, भोंगा आणि बॅटरी एकाच डबीत, वीज २३० व्होल्टची, आणि इतर अलार्मशी जोडण्यासाठी एक वेगळे टर्मिनल. दुकानदाराला नाव सांगून नव्हे, तर हे चार गुण सांगून मागावे. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला अलार्म १२० व्होल्टचा असतो, तो इथे चालणार नाही. आत प्रकाशाच्या साहाय्याने धूर ओळखणारी जात धुमसणाऱ्या आगीला लवकर दाद देते, म्हणून कापडाच्या धंद्याला तीच बरी. बेकरीची भट्टी, वेल्डिंगचे दुकान, स्वयंपाकघर येथे धुराचा अलार्म रोज ओरडेल. तिथे उष्णता ओळखणारा घ्यावा.

जोडणीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दुकानातील अलार्म दुकानातच वाजला, तर वर पंखा लावून झोपलेल्यांना तो ऐकू जाईलच असे नाही. म्हणून एक दुकानाच्या छताला, एक जिन्याच्या माथ्यावर आणि एक झोपायच्या खोलीत, असे निदान तीन अलार्म हवेत आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत. खालच्याला धूर लागला की तिन्ही एकदम वाजतात. यासाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांखेरीज चौथी वायर सर्व अलार्ममधून फिरवावी लागते. ही निरोपाची वायर. तिला फेज लागला तर सगळा संच जळू शकतो, म्हणून तिचा रंग अगदी वेगळा ठेवावा. काही कारागीर हाताशी आहे म्हणून हिरवी वायर या कामाला वापरतात, ते साफ चूक आहे. पुढे येणारा माणूस तिला अर्थिंग समजणार. अलार्मला अर्थिंगचे टर्मिनल नसले, तरी हिरवी वायर डबीपर्यंत आणून कनेक्टरमध्ये बंद करून ठेवावी. दोन कंपन्यांचे अलार्म एका वायरीवर जोडू नयेत.

वीज घ्यायची कुठून? मीटरनंतर, पण रात्री पाडल्या जाणाऱ्या मेनच्या आधी, स्वतंत्र डबल पोल एमसीबी टाकून ही लाइन काढावी आणि तिन्ही अलार्म त्याच एका लाइनवर ठेवावेत. खालचा दुकानाच्या मीटरवर आणि वरचे घरच्या मीटरवर असे केले, तर दोन न्यूट्रल एकमेकांत मिसळतात आणि दुरुस्तीच्या वेळी एक मीटर बंद करूनही डबीत करंट राहतो. घरगुती मीटरची वीज दुकानात नेणे महावितरणच्या नियमात बसत नाही, म्हणून दुकानाच्या मीटरवरूनच सर्वांना द्यावी. अलार्म खातो ती वीज इतकी थोडी, की बिलात ती सापडणारही नाही.

मात्र या पद्धतीत एक धोका आहे, आणि तो वायरमन बंधूंच्या जिवाशी आहे. दुकानाचा मेन पाडलेला असतानाही छतातील या डबीत करंट असतो. म्हणून एमसीबीवर 'धुराचा अलार्म' असे आणि डबीच्या आत 'मेन बंद असला तरी करंट' असे ठळक लिहावे. काम करताना टेस्टर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू पॉइंटवर लावून पाहावा, मग या वायरींवर, आणि पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळी टेस्टरच बिघडलेला नाही, याची खात्री अशीच होते. मेनच्या आधीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. चुलत भावाच्या ओळखीचा मुलगा या कामाला चालणार नाही.

भारनियमनामुळे काही जण अलार्म इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकतात. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते आणि अशा विजेवर अलार्म चालवण्यास बऱ्याच कंपन्या मनाई करतात. अलार्मला स्वतःची बॅटरी असताना त्याची गरजही नाही.

जागा निवडताना अलार्म छताच्या मध्याकडे असावा, भिंतीपासून आणि दिव्यापासून निदान फूटभर दूर. कोपऱ्यात हवा कोंडलेली राहते, धूर तिथे उशिरा शिरतो. पंख्याच्या झोतातही नको. आपल्या भागातील माळवदी घरांत तुळयांच्या मधल्या खणात अलार्म दडवू नये, तुळईच्या खालच्या अंगाला पाटा ठोकून बसवावा. माती झडते, म्हणून महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करावा. पत्र्याखाली तर वेगळाच प्रश्न. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्रा तापून खालची हवाही तापलेली राहते, तर बरेच अलार्म चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. अशा शेडमध्ये पुस्तिकेतील तापमानाची मर्यादा पाहून, जास्त उष्णता सोसणारा नगच घ्यावा. स्लॅबमधून वायर वर नेण्यासाठी पाडलेले भोक सिमेंटने पक्के बुजवावे, नाहीतर धुरालाच वाट करून दिल्यासारखे होईल.

काम, रंग, घासकाम पूर्ण होईपर्यंत अलार्मवरची धूळटोपी काढू नये. नंतर आठवणीने काढावी. ती तशीच राहिलेले अलार्मही असतात! सकाळी ऊद-लोबान फिरवताना अलार्म वाजला तर शांत करण्याचे बटण दाबावे, बॅटरी काढून ठेवू नये.

अलार्म वाजल्यावर उतरायचे कुठून, हे वायरिंगच्या आधी ठरवावे. एकमेव जिना दुकानातून जात असेल तर गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि ग्रिलच्या कुलपाची चावी तिथेच, मुलांनाही माहीत असेल अशा खिळ्याला टांगावी.

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. एक दाबल्यावर तिन्ही वाजले पाहिजेत. मग अलार्मचा एमसीबी पाडून पुन्हा दाबावे, म्हणजे बॅटरीचीही परीक्षा होते. एमसीबी परत वर केल्यावर हिरवा दिवा लागला की नाही ते पाहावे. बसवल्याची तारीख डबीवर मार्करने लिहून ठेवावी. साधारण दहा वर्षांनी आतला भाग निकामी धरतात, तेव्हा बॅटरी नव्हे तर पूर्ण अलार्मच बदलावा लागतो, आणि तोही बाकीच्यांशी जुळणारा, त्याच कंपनीचा.