पोटमाळ्यावरचे कागद

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी पोटमाळ्यावर होते. दांडिया बाजारातील आमचे तीन पिढ्यांचे घर आता पाडले जाणार आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, लेक पुण्यात स्थायिक झाली आहे. म्हणून आम्हीही बडोदे सोडण्याचे ठरवले. निर्णय एका संध्याकाळी झाला, घर रिकामे करायला मात्र चार महिने लागले.

पितळी बंब, पाटवरवंटा, सासऱ्यांची पुस्तके यांना घरे मिळाली. राहिले ते तळमजल्यावरील माझ्या दवाखान्याचे 1996 पासूनचे कागद. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात. माझ्याकडे तर आंतररुग्ण कधी नव्हतेच. परंतु बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण तीन वर्षांत मोठा होत नाही, या विचाराने मी काहीच टाकले नव्हते.

नोंदवह्या चाळताना गावच डोळ्यांपुढून सरकले. आरंभीची आडनावे बहुतेक मराठी, पत्ते रावपुऱ्याचे, मांडवीचे. पुढे तीच कुटुंबे मांजलपूर, गोत्रीकडे गेली. 2018 मध्ये न्यायमंदिरातून न्यायालय हलले आणि तो चौकही ओळखीचा राहिला नाही. आजारही बदलले. पहिल्या वह्यांत गोवर आणि जुलाब. अलीकडच्या वह्यांत दमा आणि वाढलेले वजन. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओच्या पहिल्या फेरीत मी थेंब पाजले होते. 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला, त्या दिवशी मी वहीत तेवढेच एक वाक्य लिहून ठेवलेले सापडले.

आणि मग 1998 च्या पावसाळ्यातील ते पान आले. आठ महिन्यांचे बाळ. गोवराची लस मिळण्याच्या वयाआधीच गोवर झालेला. ताप, पुरळ, खोकला, औषधे, ‘दोन दिवसांनी दाखवणे’. एवढेच लिहिले आहे. श्वासांची संख्या नाही. बाहेर गर्दी होती, मी मोजले नव्हते. त्याच रात्री बाळाला रुग्णालयात न्यावे लागले. न्यूमोनियाने ते दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कागदावर सर्वांत वर श्वासांचा आकडा आहे. त्याचे कारण मी कोणालाही सांगितले नव्हते.

ती माता याच गावात राहते. दोन वर्षांनी तिने आपले दुसरे मूल माझ्याकडेच आणले होते. जाण्यापूर्वी मी तिच्या घरी गेले आणि म्हणाले, “त्या दिवशी मी बाळाचे श्वास मोजायला हवे होते. मोजले नाहीत.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “धाकट्याच्या वेळी तुम्ही घड्याळ काढून मोजत बसलात, तेव्हाच मला कळलं होतं, डॉक्टरबाई. पण तुम्ही कधीतरी सांगाल असं वाटायचं.” तिने चहा केला. मी तो घेतला. क्षमा केली, असे ती म्हणाली नाही, आणि मीही तसे विचारले नाही.

घर आवरणाऱ्या व्यवसायबंधूंसाठी दोन गोष्टी. लसीकरणाच्या नोंदी पालकांच्या हाती द्याव्यात आणि उरलेले कागद रद्दीत न देता बारीक करून नष्ट करावेत. त्यांवर लोकांची नावे असतात. मुदत संपलेली औषधे जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थेकडे आणि पाऱ्याची जुनी रक्तदाबमापके घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच सोपवावीत.

ते एक पानही मी इतर कागदांबरोबर नष्ट केले. आता ते जपून ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

माझी मुले आता तुमच्याकडे येतील. खोकणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात आकडा 50 किंवा अधिक असेल, तर बाहेरच्या गर्दीला थांबू द्या. बडोद्याने मला पुष्कळ दिले. जाताना त्याच्यापाशी मागणे एवढेच.