सेल्युलोज पचविणाऱ्या जिवाणूचा पिवळा रंग

वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज माणसाला पचत नाही. 'क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम' या नावाने परिचित असलेला जिवाणू मात्र प्राणवायूविना, सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानात त्याचे विघटन करतो. हे करताना तो एक पिवळे रंगद्रव्य निर्माण करतो व सेल्युलोजचे तंतू पिवळे दिसू लागतात. या द्रव्यामुळे जिवाणूची विकरे सेल्युलोजला अधिक घट्ट चिकटतात, असे १९८३ मध्ये संशोधकांना आढळले होते. त्याची रेणुरचना मात्र पुढे अनेक वर्षे अज्ञात राहिली. जर्मनीतील येना येथील लायब्निझ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या दशकात ती उलगडली आणि या रेणूंना 'सेलुझँथिन' हे नाव दिले. हे रेणू काही अन्य जिवाणूंच्या वाढीस अटकाव करतात, हेही दिसून आले.

सेल्युलोजचे विघटन पेशीबाहेर होत असल्याने त्यातून सुटणारी शर्करा इतर जिवाणूंनाही आयती मिळू शकते. त्यामुळे हा रंग म्हणजे कष्टाने मिळविलेल्या अन्नाची राखण असावी. प्रतिजैविकांना दाद न देणारे रोगजंतू वाढत असताना, आजवर दुर्लक्षित राहिलेल्या अशा जिवाणूंकडे नवी औषधे शोधण्याच्या दृष्टीनेही पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.