लॉकडाऊन संपला, अपॉइंटमेंट राहिली!

कोविडमध्ये आपण काय काय पुढे ढकललं? लग्नं, ट्रिप्स, जिम... आणि पाच मिनिटांची एक तपासणीसुद्धा!

माझ्या ताईची पॅप स्मिअरची अपॉइंटमेंट होती २८ मार्च २०२०ला, शनिवारी. हाफ डे टाकायला नको म्हणून मुद्दाम शनिवार. पण २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन लागला. ‘बघू पुढच्या महिन्यात,’ ताई म्हणाली. तिचा तो ‘पुढचा महिना’ उजाडला थेट २०२२च्या दिवाळीनंतर! मधल्या काळात वर्क फ्रॉम होम, लेकाची ऑनलाइन शाळा, सासूबाईंचा ऑक्सिमीटर. या सगळ्यात स्वतःचा नंबर लागणार कधी?

ताई एकटी नव्हती. देशातल्या ४१ कॅन्सर सेंटर्सची पाहणी २०२१मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०२० या काळात नव्या पेशंट्सची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घसरली होती. सत्तर टक्क्यांहून जास्त सेंटर्समध्ये स्क्रीनिंग एक तर ठप्प होतं, नाहीतर पाव क्षमतेपेक्षाही कमी चालू होतं.

दुखत नाही, मग कशाला?

स्क्रीनिंगची गंमत अशी, की ते काहीच होत नसताना करायचं असतं. म्हणूनच संकट आलं की यादीतून पहिलं नाव त्याचं कटतं. लोकल बंद, हॉस्पिटलची भीती. बायकांना तपासणीसाठी घराबाहेर काढणाऱ्या आशाताई तर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्व्हेत दारोदार ऑक्सिजन मोजत होत्या.

पण सगळं खापर कोविडवर फोडायचं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय बायकांपैकी जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केली होती. शहरातही चित्र फारसं वेगळं नाही. म्हणजे फेशियलची अपॉइंटमेंट न चुकवणाऱ्या आपणही त्यातच आलो! आणि २०२२च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नवे पेशंट्स आणि सुमारे ८० हजार मृत्यू.

धाराशिवनं दाखवलेली वाट

हा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही या व्हायरसमुळे होतो आणि अगदी आस्ते कदम येतो. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. त्यामुळे एखादं वर्ष हुकलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही. हुकलेलं वर्ष कायमचं हुकू द्यायचं नाही, एवढंच.

पुरावा हवाय? तो आपल्याच घरात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही टेस्ट फक्त एकदा केल्यानंही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातल्या बायकांना जमलं ते हिंजवडी-अंधेरीतल्या आपल्याला न जमायला काय झालं?

जागतिक आरोग्य संघटनेनंही ऐन कोविडमध्ये, नोव्हेंबर २०२०मध्ये, टार्गेट ठरवलं. २०३०पर्यंत ७० टक्के बायकांची तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत दुसऱ्यांदा व्हावी. एचपीव्ही टेस्टचं सॅम्पल स्वतःचं स्वतः घेतलेलंही चालतं, असंही तिच्या गाइडलाइन्स सांगतात. नाकात स्वॅब घालून घ्यायला आपण रांगा लावल्या होत्या. मग इथेच संकोच का?

ताईचं पुढे काय झालं? पेशींमध्ये बदल दिसले. कोल्पोस्कोपी, बायॉप्सी. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या अलीकडची पायरी होती. छोटीशी प्रोसीजर झाली आणि संध्याकाळी ती घरी चहा पीत होती. ‘आणखी चार-पाच वर्षं पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत बसले असते तर?’ हा प्रश्न तिनंच विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही.

पुढच्या वर्षी मला तीस पूर्ण होतील. केकच्या आधी अपॉइंटमेंट बुक करणार आहे. तुमचं काय?

एवढं लक्षात ठेवा
- तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट दर पाच ते दहा वर्षांनी. पॅप स्मिअर किती वर्षांनी, ते डॉक्टरांना विचारा.
- लस घेतली असली तरी तपासणी हवीच.
- पाळीच्या मध्येच किंवा संबंधांनंतर रक्तस्राव होत असेल, तर स्क्रीनिंगची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.