जयंती झाली, मग वर्षभर काय?

रोहा तालुक्यातले खांब हे महामार्गावरचे गाव. नागोठणे मागे पडले की कोलाडच्या अलीकडे ते लागते. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस येथून धावतात. पण नाटक, गाण्याचा कार्यक्रम किंवा चांगले व्याख्यान घेऊन येणारी गाडी येथे क्वचितच थांबते. "गावात काहीच होत नाही," ही तरुणांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो आणि ती खोटी नाही.

चांगले नाटक पाहायचे तर पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गाठावे लागते. प्रयोग सुटेपर्यंत रात्र होते. धाटावच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या कामगाराने बायको-मुलांना घेऊन जायचे कसे आणि परतायचे कसे?

मुलगे निदान नाक्यावर बसतात, क्रिकेटचे सामने भरवतात. मुलींना तेवढीही मोकळीक नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात धीटपणे बोलणारी मुलगी दहावीनंतर चार माणसांसमोर उभी राहिलेली दिसत नाही. मुंबईच्या चाळीत वाढून येथे सून म्हणून आलेल्या भगिनीला संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल, एवढेच उरते. मन असे रिकामे राहिले की दारू-जुगाराला घरात शिरायला वेळ लागत नाही.

आम्ही मंडळांचे जमाखर्च लिहून देतो. जयंतीच्या खर्चात मंडप, विजेची रोषणाई, ध्वनिक्षेपक, मिरवणूक हे सारे असते. पुस्तकांच्या नावावर मात्र एक रुपयाही नसतो. जयंती धूमधडाक्यात व्हावीच. पण उरलेल्या दिवसांचे काय?

बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्गही होते. सभेने मोफत वाचनालय चालवले, तरुणांसाठी हॉकी क्लब काढला. तेव्हा आपला समाज अर्धपोटी होता. तरीही आधी पोट आणि मग पुस्तक, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा रस्ते नसलेल्या गावांतूनही माणसे विचार ऐकायला गेली होती.

आजही वाट आहे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर राबलेली माणसे येऊन बसतात. म्हणजे ऐकणारे आहेत! मग तीन महिन्यांनी दाराला कुलूप कशासाठी? आठवड्यातून एक संध्याकाळ विहार उघडा ठेवावा. एकाने वाचावे, एकाने भीमगीत म्हणावे, एका मुलीने पाच मिनिटे बोलावे. किल्ली महिला मंडळाकडे द्यावी.

एका कपाटापासून वाचनालय सुरू होते. मुंबईकर बांधवांनी मे महिन्यात गावी येताना घरातली वाचून झालेली पुस्तके आणावीत. पुढे संस्था नोंदवून नियमांची पूर्तता केली, तर १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता आणि अनुदानासाठी प्रयत्न करता येतो.

बंधू-भगिनींनो, नाट्यगृह बांधणे आपल्या हाती नाही; विहाराचे कुलूप काढणे आहे. पुढच्या जयंतीच्या जमाखर्चात पुस्तकांसमोर रक्कम दिसू द्या, मग ती शंभर रुपये का असेना!