यमूची कहाणी बायकांना कशी वाटली होती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवड्यातून तीन दिवस मी मुलींच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला जाते. घरचं आवरून, डबे भरून, धाकट्याला बालवाडीत सोडून धावतपळत पोचायचं, दोन तास घ्यायचे आणि परत स्वयंपाकघरात! त्या दिवशी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीविषयी सांगत होते. यमू, तिचं माहेर, तिचं सासर, शिकलेला प्रेमळ नवरा, मुंबईतले सुखाचे चार दिवस आणि मग ते अकाली वैधव्य. वर्ग अगदी चिडीचूप झाला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, ही कादंबरी आली तेव्हा बायकांना कशी वाटली होती?”

खरं सांगू? मला उत्तर देता आलं नाही. बी. ए. ला आम्ही या कादंबरीवर पानंच्या पानं लिहिली होती. पण आमच्या गाइडमध्ये जी मतं होती ती सगळी प्राध्यापकांची, आणि तीसुद्धा पुष्कळ नंतरची. “पाहून सांगते हं,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पोळ्या लाटताना तोच, कपडे वाळत घालताना तोच.

हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. घरातल्या सगळ्यांनी, बायकामुलांनीसुद्धा वाचावं असा त्यांचा हेतू होता. म्हणजे तुम्ही आत्ता हातात धरलंय त्या साप्ताहिकाचं हे पणजोबाच म्हणा ना! ही कादंबरी त्यातच क्रमशः आली, १८९३ पर्यंत. तो काळ कसा होता? संमतिवयाचा कायदा १८९१ चा. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढ्यासाठी केवढं वादळ उठलं होतं! मुंबईत १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. कादंबरी संपली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला. अशा दिवसांत यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगत होती. तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं, तो भाग तर आजही एका दमात वाचवत नाही. मग तेव्हाच्या वाचणारीचं काय झालं असेल?

एका शनिवारी मुलांना जाऊबाईंकडे ठेवलं आणि शहरातलं एक जुनं वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाई फार चांगल्या. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की नुसतं पुस्तक मागू नका, सूची मागा. शंकर गणेश दाते या गृहस्थांनी अपार कष्ट करून मराठी ग्रंथांची सूची तयार केली. १८०० ते १९५० या काळात मराठीत कोणकोणती नियतकालिकं निघाली, याचीही सूची त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केली. ती पाहिली म्हणजे कोणत्या वर्षी कोणतं मासिक निघत होतं ते कळतं. मग त्या वर्षांचे बांधीव खंड शोधायचे. किराणा आणायला जाताना यादी करतो ना आपण? तसंच. यादी नसली तर दुकानभर फिरून शेवटी हळद विसरूनच यायचं!

त्या काळी पुस्तकांवर मतं येत ती मासिकांत आणि वर्तमानपत्रांत. काही ठिकाणी नुसती ‘पोच’ असे, म्हणजे पुस्तक मिळालं, किंमत अमुक, एवढंच. काही ठिकाणी चार ओळींचा अभिप्राय, आणि ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकात चांगली लांबलचक परीक्षणं. हे मासिक १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललं. हरिभाऊंच्या या कादंबरीच्याही आधीपासून कादंबरी हा प्रकार बरा की वाईट याची चर्चा सुरू झाली होती. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहिला. तेव्हा कादंबरीला ‘नावल’ म्हणत, गंमत आहे नाही? पुढे १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात तोवरच्या मराठी कादंबऱ्यांचा हिशेब मांडला.

आणि आपले हरिभाऊ? ते स्वतःच आधी टीकाकार होते! आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ नावानं भाषांतर केलं, १८८३ साली. हरिभाऊ तेव्हा शिकत होते, विशीच्या आतले. त्यांनी त्यावर चांगली बहात्तर पानांची टीका लिहिली. आगरकर त्यांच्या शाळेतले गुरू! आजच्या मुलाने असं केलं तर आपण म्हणू, काय आगाऊ पोरगं आहे.

पण मैत्रिणींनो, त्या परीक्षणांत मला काय हवं होतं आणि काय मिळालं? त्या काळचे टीकाकार विचारत, कथानक इंग्रजीवरून उचललं आहे का? नीतीला धरून आहे का? भाषा शुद्ध आहे का? फार पाल्हाळ तर नाही ना? पाल्हाळाचा आक्षेप हरिभाऊंवर पुष्कळदा घेतला गेला आणि तो अगदीच खोटा नाही. हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष. कहाणी बाईची, साप्ताहिक घरातल्या बायकांनीही वाचावं म्हणून काढलेलं, आणि अभिप्राय मात्र पुरुषांचे! माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्या खंडांत मला सापडलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्या वेळी वाचता येणाऱ्या बायका होत्या तरी किती? थोड्याच होत्या. पण होत्या. काशीबाई कानिटकरांचंच घ्या. जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवरा शिकलेला, त्यांना शिकलेली बायको हवी, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांची बोलणी खात काशीबाई वाचायला शिकल्या, आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचं चरित्र त्यांनी लिहिलं, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. हरिभाऊंचा या पतिपत्नींशी मोठा स्नेह होता. हरिभाऊ आणि काशीबाई यांचा पत्रव्यवहार होता, त्यात लेखनाची, पुस्तकांची चर्चा असे. ती पत्रं जपली गेली आणि छापली गेली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. काशीबाईंच्या आठवणी पुढे सरोजिनी वैद्यांनी संपादित करून आपल्यापुढे ठेवल्या. हरिभाऊंचं चरित्र आणि त्यांच्या वाङ्मयाचं विवेचनही एका बाईनंच लिहिलं, वेणूताई पानसे यांनी.

आणि आपल्या विदर्भाला अभिमान वाटावा अशी गोष्ट तर पुढेच आहे. हरिभाऊ १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे तुम्हाला माहीत असेल. पण मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा सगळा पसारा आवरून, नीट घड्या घालून कुणी ठेवला? कुसुमावती देशपांडे यांनी! त्या जन्मानं अमरावतीच्या, लंडनला जाऊन शिकून आलेल्या, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. कवी अनिल हे त्यांचे यजमान. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणारी ही पहिली बाई. त्यांचा ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ हा ग्रंथ मी पुन्हा काढून वाचला. कॉलेजात असताना परीक्षेपुरता चाळला होता. या वेळी वाचताना वाटलं, आपल्याच गावात एक बाई टेबलाशी बसून हे सगळं तोलूनमापून लिहीत होती आणि आपण तिच्या कॉलेजावरून इतकी वर्षं नुसत्या रिक्षानं जातोय!

तिकडे विलायतेतही काही वेगळं नव्हतं. शार्लट ब्रॉन्टीची ‘जेन एअर’ १८४७ मध्ये आली ती पुरुषी वाटावं अशा टोपणनावानं. पुढच्याच वर्षी एका मोठ्या त्रैमासिकात तिच्यावर फार झोंबणारी टीका आली. हे पुस्तक बाईनं लिहिलं असेल, तर ती बायकांच्या समाजातून बाहेर पडलेली असली पाहिजे, अशा अर्थाची. आणि ती टीका लिहिणारीही एक बाईच होती! ती आज कुणालाही वाचता येते, कारण तिकडच्या ग्रंथालयांनी ते अंक सांभाळले. शार्लटच्या घराचं १९२८ पासून संग्रहालय झालं आहे. चांगलं मत असो की वाईट, कागद राहिला तर मत राहतं.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जरा जड जातंय. माझ्या आजेसासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणत असू, महालातल्या जुन्या वाड्यात नांदल्या. वाचनाचं फार वेड. दीर वाचनालयातून पुस्तक बदलून आणत. दुपारची झाकपाक झाली की माई वाचत बसत, आणि वाचलेल्या पुस्तकाविषयी वहीत चार ओळी लिहून ठेवत. अशा चार वह्या होत्या. तीन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना मी माळा काढला. खालच्या ट्रंकेत जुन्या वह्या, पिवळे कागद. रद्दीवाला दारात उभा, मला शाळेची घाई. मी न उघडता गठ्ठा तराजूवर ठेवला. एक वही गादीखाली राहिली होती म्हणून वाचली. तीन गेल्या. किती पैसे आले तेही आठवत नाही.

वाचनालयातून आले त्या रात्री ती उरलेली वही काढली, आणि तिच्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ सापडली! माईंच्या घरी त्यांच्या आतेसासूबाई होत्या, बालविधवा, आलवण नेसणाऱ्या, सोवळ्या. त्यांना वाचता येत नसे, म्हणून माई त्यांना रोज दुपारी वाचून दाखवत. केशवपनाचा भाग आला तेव्हा माईंनी ती पानं गुपचूप गाळली आणि पुढचं वाचायला लागल्या. आत्याबाईंनी वाती वळता वळता हात थांबवला. म्हणाल्या, “मधलं गाळलंस ना गं? वाच.” माईंनी वाचलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना एकच विचारलं, “हे त्या माणसाला कुणी सांगितलं?”

त्याखाली माईंनी तारीख लिहिली आहे, १९५२ सालातली. स्वतःचं मत लिहिलेलं नाही.

वर्गात मी हे वाचून दाखवलं. विचारणारी मुलगी बराच वेळ खाली पाहत होती. कादंबरी आली त्यानंतर साठ वर्षांनी ऐकलेली ही गोष्ट. पण आत्याबाई त्या काळातल्याच होत्या, आणि यमूवर जे गुदरलं ते त्यांच्यावरही गुदरलेलं होतं. छापील परीक्षणांत मला जे मिळालं नव्हतं ते आमच्याच ट्रंकेत होतं. गेलेल्या तीन वह्यांत आणखी काय होतं, ते आता कधीच कळायचं नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, दिवाळीच्या साफसफाईत जुनी वही दिसली तर आधी उघडून पाहा. आईची, सासूची, आजीची पत्रं, पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी, सगळं पाहा. ठेवायचं असेल तर या गोष्टी ध्यानात असू द्या.

• भिंतीला टेकून किंवा जमिनीवर ठेवू नका. ओल येते आणि वाळवी लागते. लोखंडी कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा.

• पावसाळा संपला की कोरड्या दिवशी सावलीत वारा द्या. आपल्या नागपूरच्या उन्हात मुळीच टाकू नका, कागद कडक होऊन तुटतो.

• कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची सुती पुरचुंडी ठेवा, पण कागदाला लागू देऊ नका.

• फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. लॅमिनेशनही नको.

• स्टेपलच्या पिना आणि टाचण्या काढून टाका, त्या गंजतात.

• मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढा, आणि कुणाची वही, कोणतं साल, कोणतं गाव हे लिहून ठेवा. नाव नसलेला कागद नातवंडांच्या लेखी रद्दीच.

• घरात जागा नसेल तर आधी गावातल्या वाचनालयात किंवा साहित्यसंस्थेत विचारा. त्यांना नको असेल तर मग पुढचा विचार.

आणि अजून एक. एखादी वही आपलीही असू द्या. आपण कादंबऱ्या वाचतो, मालिका पाहतो, हळदीकुंकवाला त्यावर तासभर बोलतो आणि घरी येऊन विसरून जातो. चार ओळी लिहिल्या तर काय बिघडलं? शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. मी लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर आत्याबाईंचा प्रश्न लिहिला आहे. वही माईंच्या वहीशेजारीच ठेवली आहे, लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात.